बेटातला भारद्वाज

कोयत्याचा पहिला घाव बसला, तशी वहिनी ओल्या हातांनी बाहेर आली आणि बांबूच्या बेटापुढं आडवी उभी राहिली. दिराला मागच्या शेतात गाडी न्यायला सरळ वाट हवी होती, आणि मधे हे बेट. त्याचा मोठा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, वारला तेव्हा तिनंच तोडायला हो म्हटलं होतं. आता ती म्हणत होती, आत भारद्वाजाची अंडी आहेत, पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबा. आम्ही शेजारी खुरपी टाकून बांधावर जमलो.

"तुम्हाला स्वतःचं एखादं असतं, तर मी समजलो असतो," दीर म्हणाला.

जिभेला हाड नसतं हेच खरं. वहिनी आत गेली. दीर कोयता खांद्यावर टाकून माघारी वळला.

त्या घरात दिवसभर बोलायला कुणी नसायचं. सकाळी बेटातून तो पक्षी घुमायचा, रिकाम्या घागरीत कुणी हुंकार भरावा तसा. हूप, हूप, हूप. ओढ्यापलीकडून त्याची जोडीदारीण ओ द्यायची. वहिनी भांडी घासायची थांबून ऐकत राहायची. कोळशासारखा काळा, पंख विटकरी, डोळे लालभडक. उडायचा कंटाळा, पाचोळ्यातून रुबाबात चालायचा आणि गोगलगायी टिपायचा. अंड्यांवर बहुतेक वेळ तोच बसतो, असं ती आम्हाला मोठ्या कौतुकानं सांगायची.

दीर अधूनमधून कुंपणाशी येऊन थांबू लागला. नजर मातीकडं. "गेली का?" एवढंच विचारायचा. ती म्हणायची, अजून नाही. पुढं पुढं ती एखादं वाक्य जोडू लागली. तीन पिल्लं झालीत. फार कुरूप आहेत, बघवत नाहीत. एकदा तो हसलासुद्धा.

पिल्लं कधीच निघून गेली, तरी ती 'अजून नाही' म्हणतच राहिली. आमच्यापैकी कुणी तोंड उघडलं नाही.

शेवटी एकदा तो म्हणाला, "वहिनी, तिन्ही पिल्लं माझ्या शेतात हिंडतायत. बरेच दिवस झाले."

ती खाली बघत म्हणाली, "मग तोडा, भाऊजी."

"त्या दिवशी मी बोललो ते..."

"तोडा. पावसाआधी वाट होऊ दे."

बेट गेलं. घरात भगभगीत ऊन शिरलं, इतकं की भिंतीवरचे पोपडे मोजता यावेत. दिराची गाडी आता दारावरून सरळ निघून जायची. थांबायचं कारणच उरलं नव्हतं. वहिनी एकदा माझ्या बायकोला म्हणाली, "भांडण होतं तोवर माणूस दाराशी उभा तरी राहायचा."

पाऊस सुरू होऊन महिना लोटला असेल. शेतावरून परतताना दिरानं तिच्या दारापुढं बैल आवरले. खाली उतरला नाही.

"इकडं ऐकू येतो का हो अजून तो?"

"येतो. लांबून."

ओढ्यापलीकडं तो घुमत होता. गाडीवर बसून दिरानं ऐकलं, उंबऱ्यात उभं राहून वहिनीनं ऐकलं. मग बैलांनीच पाय उचलले, आणि चिखलात चाकं रुतवत गाडी निघून गेली.