मशीनचा आवाज कापू नका

उदयसिंहनं दुकान एका कंपनीला द्यायचं ठरवलं आणि त्यासोबत दुकानाचा फोन नंबरही द्यायचं कबूल केलं. बहिणीला, पूर्णिमाला, त्यानं हे सांगितलं ते सगळं ठरल्यावर.

राजारामपुरीतलं ते दूध काढायच्या मशीनच्या दुरुस्तीचं दुकान आण्णांनी, या दोघांच्या वडिलांनी, सुरू केलेलं. आण्णा गेल्यावर गाळा उदयसिंहच्या नावावर आला. फोन मात्र सतरा वर्षं पूर्णिमाच उचलत होती, आणि आण्णांनी तो हयातीतच तिच्या नावावर करून दिला होता. गावाकडून फोन आला की ती म्हणायची, "मशीन चालू करा आणि फोन त्याच्याजवळ धरा." चालू मशीन घड्याळासारखं टकटक करतं, मिनिटाला साठेक ठोके. ती डोळे मिटून ऐकायची आणि सांगायची, नळी चिरलीय, नाहीतर पंपात तेल नाही. शेतकऱ्याची शहराची खेप वाचायची.

"नंबर माझा हाय, दादा. मी देणार न्हाय."

"दुकानच न्हाय तर नंबर घिऊन काय लोणचं घालतीस?"

दुकानातल्या फोनची जुनी तार तशीही बंदच पडत आली होती. तिनं अर्ज केला आणि दोन गल्ल्या पलीकडे, आपल्या घरी, इंटरनेटवर चालणारा फोन बसवून घेतला. नंबर तोच.

पहिल्याच फोनला ती चक्रावली. माणसाचं बोलणं स्वच्छ येत होतं, पण त्यानं फोन मशीनजवळ धरला की पलीकडे चिडीचूप. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला तिनं अंदाजानं रबर बदलायला सांगितलं आणि ते चुकलं. हातकणंगल्याचा तो माणूस तोंडावर बोलला, "ताई, आता तुमचं काय खरं न्हाय." ही गोष्ट उदयसिंहपर्यंत पोचली. त्यानं फोन करून एवढंच विचारलं, "कान गेला व्हय तुझा?"

त्या दिवशी ती जेवली नाही. मग तिनं फोन बसवून देणाऱ्या आदर्शला बोलावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला.

"बिघाड न्हाय ताई, सोय हाय ती. मागचा गोंगाट आपोआप कापला जातोय. माणूस बोलंल तेवढंच येतंय."

"माझं गिऱ्हाईक माणूस न्हाय, मशीन हाय. मला गोंगाटच पायजे."

"असं कुणी मागत न्हाय."

"मी मागतीय की."

आदर्शनं त्याच्या मुख्य ऑफिसला विचारलं. नाही म्हणाले. पूर्णिमानं स्वतः फोन लावला, रोज सकाळी लावला, आणि दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाचव्या दिवशी एका इंजिनिअर बाईनं नीट ऐकलं आणि ती सोय बंद करून दिली.

त्याच आठवड्यात उदयसिंह कागद घेऊन आला. "सही कर. कंपनी नंबराशिवाय दुकान घीना झालीय. गिऱ्हाईक त्या नंबराला वळखतंय म्हणं."

"नंबराला न्हाय. उचलणारीला वळखतंय."

"पूर्णे, हट्ट सोड. माझा सौदा मोडतोय."

"मोडू दे. मला इचारून केलावता व्हय?"

तेवढ्यात फोन वाजला. बिद्रीच्या तानाबाई होत्या. मशीन मध्येच अडखळत होतं, म्हशी खोळंबल्या होत्या. स्पीकर लावून पूर्णिमा म्हणाली, "मावशी, फोन मशीनला लावा." घरभर टकटक भरली. चार ठोके सरळ, पाचवा लंगडा. उदयसिंह काहीतरी सांगू लागला.

"दादा, बसायचं तर बस, न्हायतर जा. पण बोलू नको. मला ऐकू दे."

तो बसला. ती पुढं वाकली, बोटानं टेबलावर ठोके मोजले. "मावशी, वरचं टोपण काढा. बारीक भोक दिसंल, त्यात कचरा आडकलाय. फुंकर न्हाय, मऊ ब्रश मारा."

थोडा वेळ भांड्यांचे, म्हशींचे आवाज येत राहिले. मग टकटक पुन्हा सुरू झाली, एका चालीत. "लागलं की ग बाई," तानाबाई म्हणाल्या.

पूर्णिमानं फोन ठेवला आणि कागद घडी घालून भावाच्या हातात दिला, सही न करता. उदयसिंह उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"त्यास्नी काय सांगू?"

"सांग, बहीण न्हाय म्हणाली."