वेदीवरची हॅट

तो माझा पाद्रिनो. बाप्तिस्म्याच्या दिवशी मला हातावर घेऊन, हिचा बाप कमी पडला तर मी उभा राहीन, अशी देवासमोर शपथ घेतलेला माणूस. आमच्या सान अँटोनियोच्या वेस्ट साइडला हे नातं रक्ताच्या वर मानतात. पूर्वी मी त्याच्याबद्दल बोलताना अहोजाहोच करायची. आता जीभ वळत नाही.

फर्मिन आरेओला. उभा जन्म लोकांना हसवण्यात गेला त्याचा. नवा विनोद सुचला की स्वारी माझ्या बेकरीच्या मागच्या दाराने आत यायची, पिठाच्या पोत्यावर बूड टेकायची आणि सुरू. मी हसले तर विनोद पास. नाही हसले तर म्हणायचा, "इमेल्दा, आज उपाशी दिसतेस," आणि तो विनोद तिथेच पुरून टाकायचा. या वर्षी मात्र महिनोन्‌महिने फिरकला नाही. सत्तरीला टेकल्यावर टीव्हीवाल्यांनी त्याला अख्ख्या तासाचा कार्यक्रम दिला होता, तोही आमच्याच भागातल्या जुन्या थिएटरात. मला वाटलं, कामात असेल बिचारा.

माझे बाबा, अबुंदियो, लग्नांतून अकॉर्डियन वाजवायचे. मी लहान असताना ते आजीला माती द्यायला सरहद्दीवरच्या नदीपलीकडे गेले आणि परतताना पुरात वाहून गेले. प्रेत मिळालं नाही. बातमी पाद्रिनोनेच आणली, आणि सोबत बाबांची हॅट. ती मी कितीतरी रात्री उशाशी घेऊन झोपले. आतल्या पट्टीखाली किमतीचं लेबल तसंच होतं. मला वाटायचं, आमच्याकडे परत यायचं म्हणून बाबांनी खास नवी हॅट घेतली असणार.

तेव्हापासून दर नोव्हेंबरला, आमचे मेलेले घरी जेवायला येतात त्या दिवशी, मी वेदी मांडते. झेंडूची फुलं, मेणबत्त्या, आजी-आजोबांचे फोटो आणि मधोमध बाबा. शेजारी ती हॅट, मक्याच्या पानात उकडलेले गरम तामाले, उघडलेली थंड बियर. पाव बडीशेप न घालता भाजायचा, कारण बाबांना बडीशेप चालायची नाही. पाद्रिनो दरवर्षी यायचा, फोटोपुढे हात जोडून उभा राहायचा आणि मग तामाल्यांवर आडवा हात मारायचा.

कार्यक्रमाला आई येत नव्हती. गुडघे दुखतात म्हणाली. मीच तिला ओढून नेलं. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं होतं. सुरू व्हायच्या आधी एका पोरीने येऊन बजावलं, "कॅमेरे तुमच्यावर आहेत हं, मोकळेपणाने हसा." म्हटलं, मला सांगतेस होय!

शेवटाकडे त्याने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "माझा एक मित्र होता. बायकोला टाकून ह्यूस्टनला पळाला. मी त्याला आणायला गेलो. दार उघडलं कोणी? दुसरीने! आणि हा मागे चड्डीवर, कडेवर पोर. मला म्हणतो, भाऊ, घरी सांग मी मेलो. मी म्हटलं, अरे पण कशाने? तर म्हणतो, तूच ठरव ना, गोष्टी रचायचा धंदा तुझा!"

अख्खं थिएटर खो-खो हसलं. मीसुद्धा.

"बायकोला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, पोरीला मेला म्हणूनच सांगा. झालं! आता दर नोव्हेंबरला त्याची वेदी मांडतात. तामाले, पाव, थंडगार बियर! आणि तिकडे ह्यूस्टनला हा दर नोव्हेंबरला फुगतोय. डॉक्टरला कळेना, हा खातो कुठे!"

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आईच्या मांडीवर थाप मारली. कॅमेरा माझ्या तोंडाशी आला होता, मला त्याचंही भान नव्हतं.

"पण मेल्याची काहीतरी खूण न्यायला हवी ना? वाटेत जुन्या बाजारात थांबलो आणि घासाघीस करून एक हॅट घेतली. पोरगी ती उराशी धरून रडतेय, आणि मी मनात म्हणतोय, देवा, लेबल काढायचं राहिलं!"

माझं तोंड उघडंच राहिलं. आईकडे वळले. ती हसत नव्हती. मांडीवर जपमाळ गच्च धरून खाली बघत होती. मग मला विचारायला काही उरलंच नाही.

कार्यक्रम संपताच मी त्याच्या खोलीत शिरले. तोंडाला लावलेली पावडर पुसत होता.

"आहेत अजून? बाबा?"

त्याने आरशातच पाहिलं. "आहे. गुडघा बदललाय."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या आईने शपथ घातली होती, पोरी."

"मग ती शपथ आज तिकिटं लावून मोडलीत? केसाने गळा कापलात माझा!"

"नाव कुठे घेतलं मी?"

"अख्ख्या वेस्ट साइडने ती हॅट पाहिलीय! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. इथे तर मढंच जिवंत!"

तो खाली बसला. "माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही गं. सगळे विनोद शिळे झाले. हा एकच ताजा होता."

"म्हणून माझ्यापुढे आधी करून बघायला आला नाहीत."

तो माझे हात धरून म्हणाला, "ग्वादालुपेच्या माउलीची शपथ, हे काढून टाकायला सांगतो. कोणाला दिसणार नाही." मी विश्वास ठेवला. पाद्रिनोची शपथ, का नाही ठेवणार?

घरी जाताना आई म्हणाली, "टाकलेलीची पोर म्हणून तुला कोणी हिणवू नये, एवढंच माझ्या मनात होतं."

"माझ्या लग्नात मी त्या हॅटच्या पाया पडले, आई! तू शेजारी उभी होतीस."

ती रडली. मी समजूत घातली नाही.

ऑक्टोबर संपता संपता कार्यक्रम टीव्हीवर आला. विनोद होता. अख्खा होता. आणि त्याच्या पाठोपाठ पडदा भरून माझं तोंड, बापाच्या खोट्या मरणावर खिदळणारं. बेकरीत येणारी प्रत्येक बाई सांगायची, "काय गोड हसतेस गं!" मी पाव बांधून द्यायची. घरी येऊन उशीत तोंड घालून ओरडायची.

नोव्हेंबरला मी वेदी मांडली. झेंडू आणला, मेणबत्त्या आणल्या. बाबांचा फोटो काढून खोक्यात टाकला, हॅट कचऱ्यात. आई खुर्चीत बसून बघत होती. मधोमध मी काय ठेवतेय हे तिने पाहिलं, उठली, आणि त्याच्यापुढची मेणबत्ती तिनेच लावली.

संध्याकाळी तो आला. नेहमीसारखा, हातात मिठाईचा पुडा, हसत. हात जोडायला वेदीपाशी गेला आणि थबकला. मधल्या चौकटीत तोच होता, काळ्या कोटातला, कार्यक्रमाच्या जाहिरातीतला. पुढे त्याच्या आवडीचे मिरचीचे तामाले, त्याची तेकिला, ग्लास भरलेला.

विनोद सुचेल म्हणून मी वाट पाहिली.

"इमेल्दा," अखेर तो म्हणाला, "मी जिवंत आहे गं."

"तोही होता," मी म्हटलं, आणि दार उघडून धरलं.