चाळणीखालचं

आमच्या घरामागे एक काळा ढीग आहे आणि माझं त्याच्याशी लग्नापासूनचं वैर आहे. वारा सुटला की दोरीवरचे कपडे गेलेच म्हणून समजा. ढीग ग्राफाइटच्या भुग्याचा. खाणीतून आलेला दगड कारखान्यात दळतात, पाण्यात घुसळतात, ग्राफाइट फेसावर चढून येतं, मग ते वाळवून चाळायचं. चाळणीवर राहतात ते मोठे, चकचकीत पापुद्रे. ते धातू वितळवायच्या मुशी करणाऱ्यांकडे जायचे. खाली पडलेला भुगा मात्र कोणी विचारायचं नाही, तो आमच्या उरावर.

ती चाळणी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, उभी हयात सांभाळली. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना चाळणीबुवाच म्हणतात. त्यांच्या जागी मी लागले, आणि घरी भाजीत मीठ कमी पडलेलं चालेल, पण पापुद्रा तुटलेला चालत नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिकले.

पण मुशीवाल्यांची मागणी आटत गेली. दोन पाळ्यांची एक झाली आणि तीही बंद पडणार असं दिसायला लागलं. नवरा खाणीत दगड उचलायचा लोडर चालवतो. त्याने गुपचूप लांबच्या बंदरावरच्या गोदामात नोकरी ठरवली. तो तिकडे, मी, मुलं आणि बाबा इकडे. मी म्हटलं, संसार म्हणजे काय पार्सल आहे, अर्धं इथे ठेवायचं आणि अर्धं पाठवायचं? तो म्हणाला, मग खायचं काय ते तू सांग. यावर मी दोन दिवस अबोला धरला. त्याची बॅग कपाटावर भरून ठेवलेली, सगळ्यात वर इस्त्रीचा पांढरा शर्ट. येता-जाता तो शर्ट दिसला की मी मान फिरवायचे.

अशात मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं. एका बॅटरी कंपनीला ग्राफाइट हवं होतं. विजेवरच्या गाड्या, उन्हाची वीज साठवायच्या कपाटाएवढ्या बॅटऱ्या, खिशातला फोन, सगळ्यांच्या पोटात म्हणे हेच काळं असतं, आणि जितकं मिळेल तितकं कमीच पडतंय. वाळवणीतून निघालेल्या मालाचं एक पोतं नमुना म्हणून पाठवायचं. पास झाला तर दुसरी पाळी पुन्हा सुरू. म्हणजे नवऱ्याला जावं लागणार नाही.

बातमी कळताच बाबा धुतलेले कपडे घालून चाळणीपाशी हजर. मी म्हटलं, साहेबांनी आहे तसाच माल पाठवायला सांगितलाय. त्यावर ते म्हणाले, पाहुण्याला कोणी फुटक्या कपात चहा देतं का? मलाही ते अगदी पटलं. इतकंच काय, मॅनेजरलाही पटलं. मग आम्ही सगळ्यात मोठ्या भोकांच्या चाळणीने तो माल परत परत चाळला. शेवटी पोत्यात उरला तो असा माल की बघत राहावं. खाली पडलेला भुगा मी स्वतः ढिगावर टाकून आले.

नमुना नापास झाला.

नवऱ्याने दाढीचं सामान बॅगेत टाकलं. माझं डोकंच फिरलं. मॅनेजरकडून नंबर घेतला आणि त्या कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या बाईला फोन लावला. असा माल तुम्हाला शोधून सापडणार नाही, मग खोट काय काढलीत, असं फडाफडा विचारलं. बाई शांत होती. म्हणाली, माल सुंदर आहे, हीच अडचण आहे. आम्ही तो बारीक करून त्याचे गोल कण बनवतो. एवढे मोठे तुकडे दळण्यातच आमचा जीव जातो.

मग तिने विचारलं, "ताई, हा माल असाच निघतो, की तुम्ही चाळलात?"

"चाळला."

"आणि खाली पडलं ते?"

"टाकलं."

"कुठे?"

"माझ्या घरामागे."

बाई हसली. मग म्हणाली, न चाळलेलं एक पोतं पाठवा आणि त्या ढिगातलंही एक पाठवा. शुद्ध किती निघेल ते तपासावं लागेल, शब्द काही देत नाही.

घरी येऊन बाबांना सांगणं जड गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मी जन्मभर माल फेकला आणि नको ते जपलं."

"बाबा, तेव्हा लोकांना तेच हवं होतं," मी म्हटलं. "तुमचा हात चुकला नाही. गिऱ्हाईक बदललं."

ते जेवले नाहीत. पण सकाळी माझ्याआधी फावडं घेऊन ढिगावर उभे. पोतं भरताना मध्येच एक मोठा पापुद्रा चमकला. बाबांनी तो सवयीने उचलून बाजूला काढला. मी नुसतं बघितलं. त्यांनी तो परत पोत्यात टाकला आणि आम्हा दोघांना हसू आलं.

नवऱ्याने गोदामवाल्यांकडून थोडी मुदत मागून घेतली. मी घरात भांडी भरपूर आपटली. अखेर निरोप आला. दोन्ही पोती पास. आधी ढीग उचलायचा, मग खाणीतला माल, आणि तोही न चाळता. मॅनेजर म्हणाला, करार वर्षाचा आहे, उद्या बॅटरीत दुसरंच काही घालायला लागले तर पुन्हा बघू. मी म्हटलं, बघू की, पण सगळे इथेच राहून बघू.

दुसऱ्या दिवशी मी कपाटावरची बॅग खाली काढली. तो पांढरा शर्ट कोणी न घालताच धुतला आणि दोरीवर टाकला. तेवढ्यात मागे लोडर घरघरला. वर माझाच नवरा बसलेला. पहिलाच घास त्याने ढिगातून उचलला तसा काळा लोट उठला. कपडे काढ, कपडे काढ, असं तो वरून हात हलवून ओरडत होता.

मी काढले नाहीत. शर्ट काळा झाला तर झाला. तो घालून आता कोणाला कुठे जायचं नव्हतं.