बर्फखान्याचा सूर

तिसऱ्यांदा गाणं मोडलं, तेव्हा वहिनीनं बास गिटारच्या तारांवर तळहात ठेवला आणि म्हणाली, “नणंदबाई, घसा घरी विसरून आलात की काय?”

एरवी अशा एका टोमण्याला नणंदेकडून दोन परत गेले असते. आज तिनं नुसता गळ्यातल्या गिटारचा पट्टा सारखा केला. समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि थोड्याच वेळात त्या भरणार होत्या.

गाणं तेच होतं, ज्याच्यामुळे त्यांना इथं बोलावलं होतं. सुरुवातीचं आख्खं कडवं ती एकटी गायची, वाद्यांशिवाय. कडवं संपलं की गिटार, बास आणि ड्रम एकदम कोसळायचे. पण आज सूर धरून सुरुवात केली, तरी कडव्याच्या शेवटापर्यंत तिचा आवाज वर सरकायचा आणि गिटार वाजली की दोघांत फट पडायची. थोडीशीच, पण दाताखाली खडा यावा तशी.

“गिटार बरोबर आहे,” मागच्या टेबलावरून साउंडवाला ओरडला. त्यानंच मघाशी मोबाइलवरच्या सूर दाखवणाऱ्या ॲपवर बघून सगळ्या तारा लावून घेतल्या होत्या. “आवाज चढतोय. घरी असंच होतं का?”

“नाही हो,” ती म्हणाली. “घरी कधीच नाही.”

घरी म्हणजे बर्फखान्यात. ती तिथं साच्यांतून बर्फाच्या लाद्या काढायची. तालमीच्या आवाजापायी दोन घरमालकांनी बाहेर काढल्यावर तिनं बर्फखान्याच्या मालकाकडेच मशीनची खोली मागितली होती. “वाजवा खुशाल,” तो म्हणाला होता, “मशीनपुढे तुमचं कुणाला ऐकू येतंय!” मग कामाची पाळी संपली की ती, वहिनी आणि ड्रम वाजवणारा आतेभाऊ ढोल्या तिथं जमायचे, बोटं गारठेपर्यंत वाजवायचे. गाण्यांच्या कंपन्यांनी नाकं मुरडली, तेव्हा त्यांनी त्याच खोलीत गाणं रेकॉर्ड करून स्वतःच इंटरनेटवर टाकलं. ते पसरलं. लोक लिहायचे, ही बाई हवेतून सूर उचलते. ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मग एका मोठ्या बँडच्या मॅनेजरचा फोन आला. आज त्यांच्या आधी वाजवायचं. जमलं तर पुढचा सगळा दौरा त्यांच्याबरोबर. “नाही जमलं तर दुसरे तयार आहेत,” तेही त्यानं स्पष्टच सांगितलं होतं. बर्फखान्यातली जागा ती सोडून आली होती. परतीचे दोर तिनं स्वतःच्या हातानं कापले होते.

“पाणी पी आधी,” म्हणत ढोल्या उठला, आणि त्याचा पाय वहिनीच्या वायरीत अडकला. वायर बासमधून निसटली. वहिनीनं ती उचलली, तेव्हा तिचं बोट वायरीच्या उघड्या टोकाला लागलं.

घूंऽऽऽ. सगळा हॉल गुरगुरला.

“बोट काढा!” साउंडवाला कडाडला. “या हॉलमध्ये मला गुरगुर चालत नाही!”

पण तेवढ्यात तिच्या गळ्यातून गाण्याची पहिली ओळ आपोआप बाहेर पडली होती. वहिनीनं बोट काढलं, आणि ओळीतला पुढचा शब्द आधार गेल्यासारखा डगमगला.

“वहिनी, परत धर.”

“काय धरू?”

“बोट!”

पण साउंडवाल्यानं आवाज बंद केला होता. मॅनेजर टाळ्या वाजवत आला. “उतरा खाली, दारं उघडतोय.”

मागच्या खोलीत कोपऱ्यात एक लहान स्पीकर होता. तिनं वायर जोडली, टोकाला अंगठा लावला आणि त्या गुरगुरीवर गिटारची तार जुळवून पाहिली. तार तिला थोडी वर पिळावी लागली. मग मोबाइलवर पाहिलं तर काटा उजवीकडे सरकलेला, म्हणजे सूर नेहमीपेक्षा चढा. बर्फखान्याचं मशीन आणि ही गुरगुर, दोन्ही एकाच विजेवर थरथरत होती, म्हणून दोन्हींचा सूर एक. त्या सुरावर तिनं कित्येक वर्षं तारा लावल्या होत्या, गाणी बांधली होती.

“म्हणजे इतके दिवस सूर मशीन देत होतं?” ढोल्या म्हणाला.

“आणि आम्ही समजत होतो, तुम्ही,” वहिनी म्हणाली.

“मीपण तेच समजत होते, वहिनी.”

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. मग आपल्याही तारा चढवायला घेतल्या.

स्टेजवर गुरगुर लागणार, हे साउंडवाल्याला सांगायला ढोल्या धावला आणि तसाच परत आला. “गर्दीतून मुंगी जाईना. आणि त्यानं ऐकलंच नसतं.”

“मग तो बंद करेल,” वहिनी म्हणाली.

“करेल,” ती म्हणाली. तिनं गिटार गळ्यात अडकवली.

स्टेजवर दिव्यांनी डोळे दिपले. तिनं गिटारमधून वायर उपसली आणि टोकावर अंगठा दाबला.

घूंऽऽऽ.

“अगं, वायर निघालीय!” कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. शिट्टी वाजली. लांब मागे, टेबलावरच्या उजेडात, साउंडवाल्याचा हात झपकन पुढे जाताना तिला दिसला. तो बटणावर पोचायच्या आत तिनं तोंड उघडलं.

पहिली ओळ सुरावर बसली. हात बटणावर थांबला. हसणारे अर्ध्यातच गप्प झाले.

दुसऱ्या ओळीला गुरगुर बारीक झाली. संपलं. पण गुरगुर तिच्या आवाजाखाली जाऊन तिथंच थांबली, नेमकी लागेल तेवढीच. साउंडवाल्याचं बोट आता तिच्या श्वासाबरोबर हलत होतं. ती गात राहिली. अंगठ्याला घाम सुटला होता. तो निसटला असता तर सगळंच निसटलं असतं.

शेवटचा शब्द लांबवत तिनं वायर गिटारमध्ये खुपसली. धप्प! ढोल्यानं तोच ठोका उचलला, वहिनीची बास खालून आली, आणि गिटार तिच्या आवाजाला मिळाली. फट नव्हती. खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली आणि शेवटच्या गाण्यापर्यंत बसली नाहीत.

ती खाली उतरली. साउंडवाला वायरीचं वेटोळं करत आला.

“ही गुरगुर पुढच्या हॉलमध्येही लागणार का?” तो कुरकुरला. “तसं आधी सांगत जा. दर वेळी माझा जीव टांगणीला नको.”

“पुढच्या?”

“मॅनेजर शोधतोय तुम्हाला. दुसऱ्यांना नाही म्हणून कळवलं त्यानं.”

ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली. वहिनी शेजारी टेकली, तिचा उजवा हात ओढून घेतला आणि अंगठा उलटसुलट करून पाहिला.

“हा सांभाळा, नणंदबाई,” ती म्हणाली. “घसा काय, दुसरा मिळेल.”