उत्स्फूर्त आलापाच्या नोट्स

लातुरात गाणं शिकायचं झालं तरी आधी नोट्स लागतात. शिवमूर्तीच्या बायकोला, रेणुकाला, हे कधीच पटलं नव्हतं. तिच्या क्लासमध्ये ती लेकरांना सा, रे, ग एवढेच सूर द्यायची आणि सांगायची, "मनाला येईल ते गा." एकाने गायचं, बाकीच्यांनी सूर ओळखायचे. रागाचं नाव आणि नियम सगळ्यात शेवटी.

श्रावणात ती गेली आणि क्लास शिवमूर्तीच्या गळ्यात पडला. जन्मभर तिला तबल्याची साथ करणारा माणूस. पण क्लास बंद पडला असता तर संध्याकाळी घरात कुणाचाच आवाज उरला नसता.

एके दिवशी क्लासमधल्या शिवांगीचे वडील, व्यंकटराव, आले. बायोलॉजीच्या शिकवण्या घेणारा माणूस, त्यामुळे संगीतातलंही त्यांना बरंच कळत होतं.

"सर, परीक्षा तोंडावर आली अन् लेकरं नुसती मनानं गाऊन राहिलीत. आलापाच्या नोट्स द्या."

"आलाप सुचेल तसा घ्यायचा असतो, व्यंकटराव."

"हाव, पण काय सुचायचं ते आधी ठरवून द्या ना. न्हाईतर आम्ही पालक दुसरा क्लास बघतो."

शिवमूर्तीने मोबाइलमधला रेणुकाचा भूप रागातला आलाप लावला आणि लेकरांना म्हणाला, "हे पाठ करा." पाठांतरात लातूरची लेकरं कुणाला हार जातात?

परीक्षा नांदेडला होती. तबल्यावर शिवमूर्तीच बसला. परीक्षक वर्षाराणीबाई शिवांगीला म्हणाल्या, "भूप मनाने वाढवून दाखव."

शिवांगीने सुरेख सुरुवात केली, धैवतावर थांबली, हलकेच खाकरली आणि पुढे गेली. मग समीक्षा आली. तीही धैवतावर खाकरली. मग धम्मानंद.

"खिडकी लावू का रे?" बाई म्हणाल्या. "नांदेडची हवा सोसंना वाटतं तुम्हाला."

शिवमूर्तीचा ठेका चुकला. रेकॉर्डिंग केलं तेव्हा रेणुकाचा घसा बसत चालला होता. साधी सर्दी आहे, असं दोघं एकमेकांना सांगत होते. आता तिची सर्दी पहिल्या श्रेणीत पास होत होती.

निकालानंतर व्यंकटराव पेढे घेऊन आले. "लई पक्क्या नोट्स निघाल्या, सर. पुढच्या परीक्षेच्या पण काढून ठेवा."

"न्हाई. ते तिला सुचलं होतं. लेकरांना त्यांचं सुचू द्या."

"मग क्लास चालायचा कसा?"

"बघू."

बहुतेक पालकांनी बघायची वाट पाहिली नाही. सराव परीक्षा घेणारा एक क्लास त्यांना लगेच सापडला. समीक्षा आणि धम्मानंद तेवढे आले. शिवांगीही आली, बापाशी भांडून आल्यासारखं तोंड करून.

शिवमूर्तीने तीन सूर दिले. शिवांगी चाचपडत, अडखळत काहीतरी गायली. ऐकायला ते फार चांगलं नव्हतं.

"शेवटी ग लागला," समीक्षा म्हणाली.

"कान धुऊन ये. रे होता," धम्मानंद म्हणाला.

"तूच धू."

दोघं हमरीतुमरीवर आले. शिवमूर्तीने त्यांना भांडू दिलं. मग तो शिवांगीला म्हणाला, "पुन्हा गा, म्हणजे कळेल."

"तेच कसं येईल, सर? विसरले मी."

"मग दुसरं गा."