नववं पान

धर्मराज सर फळ्यावर डोंगर काढतात. कथा कुठलीही असो, डोंगर तोच. डाव्या पायथ्याशी ‘आरंभ’, चढावर ‘संघर्ष’, टोकावर ‘उत्कर्षबिंदू’ आणि उजवीकडच्या उतारावर ‘शेवट’. सर कॉलेजात मराठी शिकवतात, शिवाय बदलापूरच्या एका हॉलमध्ये दर रविवारी त्यांचं जादा लेक्चर असतं. माझी नात अस्मिता त्यांच्याच कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एका रविवारी तिच्याबरोबर जाऊन मी मागच्या बाकावर बसलो. दोन तासांत सरांनी तीन कथा उरकल्या. तिन्ही त्याच डोंगरावर चढल्या आणि त्याच बाजूने उतरल्या. पोरं तो डोंगर वहीत उतरवून घेत होती. एकीने तर पट्टी लावून काढला.

तिसरी कथा साठेक वर्षांपूर्वीची. एका म्हाताऱ्या गवंड्याची, धाकूची. धाकू घोंगडी पांघरून एका बंगल्याच्या फाटकाशी उभा असतो. वॉचमन विचारतो, काय काम आहे. धाकू म्हणतो, मालकांना भेटायचंय. तिथून कथा मागे जाते. हाच बंगला धाकूने बांधलेला. बांधकाम चालू असताना मालकाची चांदीची वाटी नाहीशी झाली आणि आळ धाकूवर आला. मालकाने त्याला सगळ्या मजुरांसमोर चाबकाने मारलं. काम गेलं, गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही, बायको झुरून मेली. मग कथा पुन्हा फाटकाशी येते. ‘वॉचमनने फाटक उघडलं. धाकू आत गेला.’ एवढ्यावर संपते.

संपते म्हणजे, सर म्हणाले म्हणून संपते.

“आता धाकू आत जाऊन काय करणार? सूड घेणार की क्षमा करणार? लेखक सांगत नाही,” सर म्हणाले आणि खडू हातावर आपटून जरा थांबले. ही थांबायची जागासुद्धा ठरलेली असावी, कारण पुढच्या बाकावरच्या पोरांनी तेवढ्यात पेनांची टोपणं काढली. “याला म्हणतात उघडा शेवट. हेच या कथेचं सौंदर्य.”

हे सौंदर्य ते अकरा वर्षं शिकवतायत. त्यांचं स्वतःचं गाइड आहे, तिसरी आवृत्ती, मुखपृष्ठावर त्यांचाच फोटो. त्यात धाकूवर सहा पानं आहेत. निरागस नायक, शोषित नायक, मूक नायक. पोरांनी ती सहा पानं प्रोजेक्टमध्ये उतरवायची, सरांनी वीसपैकी मार्क द्यायचे. पास व्हायला आठ लागतात.

अस्मिताला ते आठ हवेच होते. विठ्ठलवाडीच्या एका खाजगी शाळेत ती जूनपासून तिसरीचा वर्ग घेते. शाळेने स्पष्ट सांगितलं होतं, यंदा डिग्री हातात आली तर वर्ग तुझा, नाही तर दुसरी बाई बघू. बाकी सगळे पेपर देऊन झाले होते. राहिलं होतं ते हे प्रोजेक्ट.

मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एकेचाळीस वर्षं पँटी कापल्या. कटिंग मास्टर. शेठ बाहेरची एखादी भारी पँट आणून फळीवर टाकायचा आणि म्हणायचा, मास्टर, ऐसाच माल मंगता है. नवखा कारागीर ती पँट उलटसुलट करून बघत बसतो. मी आधी ती उसवायचो. एकेक टाका काढायचा, तुकडे इस्त्री करून फळीवर मांडायचे, मग कळतं कोण कोणाला जोडलंय आणि कुठल्या क्रमाने. दोन तुकडे जिथे जुळायचे असतात तिथे कडेला छोटासा काप दिलेला असतो. एका तुकड्यावर काप असेल तर त्याचा जोडीदार दुसऱ्या तुकड्यावर असतोच. नसेल तर एक तुकडा हरवलाय, सरळ हिशेब. अक्षरं मी पंचेचाळिशीनंतर शिकलो, पण हे त्याच्या आधीपासून येत होतं.

घरी आल्यावर मी धाकूची कथा कात्रीने कापली. सरांनी वाटलेली झेरॉक्स होती, आठ पानांची. अस्मिता कपाळाला हात लावून बसली, कारण ती तिची एकच प्रत होती. तेवीस तुकडे झाले. लेखकाने सांगितलेला क्रम बाजूला ठेवला आणि जे आधी घडलं ते आधी, जे नंतर घडलं ते नंतर, असे पलंगावर मांडले. मग दोन गोष्टी दिसल्या.

पहिली, धाकूचा डावा हात. फाटकाशी तो एकाच हाताने नमस्कार करतो. वॉचमन विडी देतो, ती उजव्या हाताने घेतो. आत जातानाही लेखक मुद्दाम सांगतो की डावा हात घोंगडीतच होता. तीन वेळा. दुसरी गोष्ट, वाटी धाकूने घेतली नाही असं लेखक कुठेच म्हणत नाही. बायको म्हणते, मजूर म्हणतात. मार खाताना धाकू स्वतः एवढंच म्हणतो की मालक, माझ्या बायकोसमोर नको. तो निर्दोष आहे हे आपणच आपल्या मनाने धरून चालतो, आणि लेखक आपल्याला तसं धरू देतो.

मी अस्मिताला म्हटलं, याला अजून एक पान आहे.

“आजोबा, सर अकरा वर्षं शिकवतायत.”

“मग अकरा वर्षं एका पायाची पँट घालून फिरतोय तुझा सर.”

ती हसली, पण उठून तुकड्यांपाशी आली. मी तिला तिन्ही जागी तो हात दाखवला. आत खिशाची पिशवी शिवायची आणि बाहेर तोंडच ठेवायचं नाही, असं कोण करतं? ज्या माणसाने मधला सगळा मार इतका नीट बेतलाय, तो हात विसरेल का? अस्मिता बराच वेळ तुकडे हलवत बसली. मग तिने स्वतःच्या शब्दांत प्रोजेक्ट लिहिलं. शेवटचं पान गहाळ असावं असं लिहिलं, आणि का, तेही लिहिलं.

आठवड्याने प्रोजेक्ट परत आलं. वीसपैकी चार. खाली लाल पेनाने शेरा होता: मूळ संहिता नीट वाचावी. शुक्रवारपर्यंत सुधारून दिलं तर पुन्हा बघू.

मूळ संहिता वाचा, हे धर्मराज सर सांगत होते.

कथासंग्रह कुठल्याच दुकानात नव्हता. अंबरनाथच्या एका जुन्या वाचनालयात वेणूबाई म्हणून एक बाई कपाटं सांभाळतात. त्यांनी स्टुलावर चढून वरच्या खणातून तो काढला, फडक्याने पुसला आणि सांगितलं की पाठीला कसर लागलीय, जपून उघडा. कथा एकशे बारा पानावर सुरू होत होती. एकशे बारा-तेरा समोरासमोर, मग चौदा-पंधरा, सोळा-सतरा, अठरा-एकोणीस. झेरॉक्सवाल्याने असं चार वेळा पुस्तक पालथं घातलं की आठ पानं होतात. एकशे एकोणीसच्या तळाशी ‘धाकू आत गेला’ आणि पूर्णविराम. कोणालाही वाटावं की संपलं. वाटू दे, पण पान उलटून बघायला बोट लागतं एक.

मी उलटलं. मागे अकरा ओळी होत्या, बाकी पान कोरं.

मालक व्हरांड्यात खाटेवर पडलाय, त्याला धड दिसत नाही. तो विचारतो, कोण. धाकू डावा हात घोंगडीतून काढतो. हातात वाटी आहे. ती तो खाटेच्या कडेला ठेवतो आणि म्हणतो, “मालक, तुम्ही बरोबर मारलंत. ती मात्र मरेपर्यंत तुम्हाला शिव्या देत होती. तिला मी सांगितलं नाही.”

बस. मी तिथेच बाकावर बसलो. वेणूबाईंनी न विचारता पाणी आणून दिलं.

गुरुवारी अस्मिता आणि मी पुस्तक घेऊन बदलापूरला गेलो. सर हॉलच्या शेजारच्या खोलीत चहा पीत होते. अस्मिताने पुस्तक त्यांच्या पुढ्यात उघडून ठेवलं आणि शांतपणे सांगितलं की कथेला नववं पान आहे. सरांनी आधी पानाचा आकडा बघितला. मग पुस्तकाचं साल बघितलं. मग ओळी किती आहेत ते मोजलं. वाचल्या नाहीत. बशीतला चहा सांडू नये म्हणून पुस्तक एका बोटाने मिटून बाजूला सरकवलं.

असू शकतं, ते म्हणाले. जुन्या आवृत्त्यांमध्ये लेखक असं काहीबाही घालतात आणि पुढे स्वतःच काढून टाकतात. कोणत्या आवृत्तीत काढलं, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं आणि मी काय करतो असं विचारलं. मी सांगितलं.

“मास्टर, तुमच्या धंद्यातलं तुमचं डोकं चांगलं असेल,” ते म्हणाले. “पण साहित्य म्हणजे पँट नाही.”

“नाही ना. पँटीला एक पाय कमी पडला तर गिऱ्हाईक परत घेऊन येतं.”

त्यांना ते कळलं नाही किंवा कळूनही वळलं नाही. ते अस्मिताशीच बोलले. गाइड हजारो पोरांकडे गेलंय, दरवर्षी त्याच्यावरच उत्तरं लिहिली जातात, आता एका पानासाठी सगळं ढवळायचं का? तिने गाइडमधलं लिहावं, सुंदर अक्षरात लिहावं, उद्या द्यावं, अठरा मार्क देतो. हे बोलताना त्यांचा आवाज इतका मायाळू झाला की त्यांच्या चहात साखर घालायची गरज उरली नसती. अस्मिता म्हणाली, हो सर. पुस्तक उचललं आणि बाहेर पडली.

रिक्षात मी तिला नाही नाही ते बोललो. मी म्हटलं, उद्या तुझ्या तिसरीच्या पोरांना पण अर्धीच गोष्ट सांग, म्हणजे तू पण मोठी मॅडम होशील, तुझा पण फोटो येईल गाइडवर. रिक्षावाला आरशातून बघत होता. तिने पुस्तक ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतलं.

“मला आठ मार्क लागतात, आजोबा,” ती एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने बसून लिहिलं. डोंगरही काढला, रंगीत पेनांनी. मी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो. शुक्रवारी तिने ते दिलं. पुढचे चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही, आणि ती मला ताट वाढून आपल्या कामाला जायची. इतकी शिकली ती याच्यासाठी का, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं. लेखकाने तीनदा तो हात झाकला, साठ वर्षं कोणीतरी उघडेल म्हणून वाट बघितली, आणि माझ्या घरातल्या पोरीने तो परत घोंगडीत घातला.

बुधवारी ती फाइल घेऊन माझ्यासमोर बसली. वर लाल गोलात अठरा. मी हात लावला नाही.

“सहावं पान उघडा,” ती म्हणाली.

पहिल्या पानावर डोंगर होता. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत सरांचं गाइड, शब्द न् शब्द. सहाव्या पानावर, वर ना खाली काही न सांगता, तिने पुस्तकातल्या त्या अकरा ओळी उतरवल्या होत्या. मालक, खाट, घोंगडी, डावा हात, वाटी. बायकोला सांगितलं नाही ते वाक्यही. आणि खाली एक ओळ तिची: ‘कथा येथे संपते.’

त्या पानावर लाल पेनाची भली मोठी बरोबरची खूण होती. तिचा शेंडा नेमका त्या ओळीतून गेला होता जिथे वाटी बाहेर येते. समासात सरांनी लिहिलं होतं: नायकाचे निरागसपण छान टिपले आहे.

मी ते बोट लावून दोनदा वाचलं.

असा माणूस मी धंद्यातही पाहिला नाही. आमच्या लाइनीत चेकिंगवाला असतो, तो झोपेत असला तरी हाताला भोक लागलं तर जागा होतो. ह्याच्या हातातून चोर, वाटी आणि कबुली तिन्ही गेली आणि ह्याने त्यावर शिक्का मारला.

मी तिला विचारलं, त्यांनी वाचलं असतं तर.

“तर मी नापास झाले असते. वर्ग पण गेला असता.” ती फाइलची दोरी बांधत होती. “पण मग त्यांना सर म्हणताना बरं वाटलं असतं.”

गुणपत्रक आल्यावर शाळेत द्यायचं, त्याच्या झेरॉक्स काढायच्या, असं काहीतरी ती पुढे सांगत होती. माझ्या रिक्षातल्या बोलण्याबद्दल तिने काही काढलं नाही, आणि मलाही माफी मागणं जमलं नाही. मी उठून तिच्यासाठी चहा टाकला. आणेपर्यंत तिने तिसरीच्या वह्या समोर घेतल्या होत्या. एका पोरीने ‘माझी आई’ या निबंधात आईबद्दल एक ओळ लिहून बाकी पानभर शेजारणीबद्दल लिहिलं होतं. अस्मिताने ते शेवटपर्यंत वाचलं, पान उलटून मागे काही आहे का ते बघितलं, आणि मग मला विचारलं, हिला आता किती देऊ.