चष्म्यासकट

"चष्मा काढ," चित्रकार म्हणाला. "राणीला कुठे चष्मा असतो?"

बायकोने चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि नवरा धूसर झाला. अंगाला दिवाणखान्याचा जुना पडदा, गळ्यात पडद्याच्याच कड्यांची माळ, हातात पितळी सुरई. लग्न झाल्यापासून ह्याच थाटात ती कुठल्या कुठल्या देशांची राणी झाली होती. चित्रकाराने स्वतः कधी गावची वेस ओलांडली नव्हती. पण परदेशातले महाल कसे असतात, हे त्याला शिकवायची कुणाची टाप नव्हती! हॉटेलवाले चित्रं हातोहात नेत.

तिचं मागणं एवढंच होतं, एकदा माझं काढा, माझं म्हणून. "तुझंच तर काढतो," असं म्हणून तो उडवून लावी. आता त्याचा हात थरथरू लागला होता. हे बहुधा शेवटचंच चित्र, आणि त्यातही ती राणीच होती. तिला आतून फार वाईट वाटत होतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची नर्स डबा परत द्यायला आली. ती नेमकी त्या राणीच्याच देशातली. चित्रकाराची कळी खुलली.

"ये, ये! बघ तुमच्याकडची राणी. जमलीय ना?"

नर्सला हसू आवरेना. "काका, आमच्याकडे असं कुणी बसत नाही हो! माझी आई स्वेटर घालून दिवसभर टायपिंग करायची. आणि ही सुरई तर काकूंची, झाडांना पाणी घालायची."

"मग ही बाई कोण?" तो चिडला.

"कोण म्हणजे? काकू! चष्मा नाही, म्हणून ओळखायला जरा वेळ लागला."

चष्मा चढवून बायको तिला दारापर्यंत सोडून आली. नवरा तोंड पाडून बसला होता. तिला त्याची कीव आली आणि मनातून गुदगुल्याही झाल्या.

बऱ्याच वेळाने त्याने फडकं घेऊन ओला महाल पुसून टाकला.

"तो पडदा काढ. तुझा स्वेटर घाल, कोपराला ठिगळ लावलेला."

ती स्वेटर घालून बसली. सवयीने हात चष्म्याकडे गेला.

"राहू दे तो."

इतकी वर्षं समोर नुसता एक धूसर आकार हलायचा. आज तिला सगळं स्पष्ट दिसलं. दातांत धरलेली जीभ, थरथरता हात सावरणारा दुसरा हात आणि तिच्यावर खिळलेले डोळे. चित्र काढताना हा माणूस आपल्याकडे असा बघतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"हलू नकोस," तो म्हणाला.

"नाही हलत," ती म्हणाली.